रात्री मुलांजवळ कोण असतं?

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातल्या निवासी शाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मे महिन्यात मी तुमच्यापैकी पाच जणांच्या दारात येऊन गेलो. तुम्हाला आठवायचं कारण नाही. डोक्याला पंचा, हातात पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा, अशी माणसं त्या दिवसांत तुमच्याकडे रोजच येत असतात. मी तर पालकही नव्हतो. माझ्या भाचीचा मुलगा सहावीत जाणार आहे. ती ग्रामीण रुग्णालयात नर्स, तिचा नवरा ट्रकवर. हिची नाइट लागली आणि तो गुजरातेत असला की पोरगं शेजाऱ्यांकडे. म्हणून निवासी शाळा बघायचं ठरलं. मामा गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालाय, सोलापुरात रिकामाच बसलाय, तेव्हा बघायचं काम माझ्याकडे आलं. अक्कलकोट रोड, विजापूर रोड, होटगी रोड, बार्शी रोड, पुणे रोड. भर उन्हात स्कूटरवर सगळं पालथं घातलं.

माहितीपत्रक सगळीकडे मिळालं. भव्य इमारत, आरओचं पाणी, सोलरचं गरम पाणी, सीसीटीव्ही, फौंडेशन कोर्स, घोडेस्वारी (घोडा दिसला नाही, विचारलं तर चरायला गेलाय म्हणाले) आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, 'संस्कारक्षम वातावरण'. मी पाचही ठिकाणी एकच प्रश्न विचारला. रात्री मुलांजवळ कोण असतं?

पहिल्या ठिकाणी ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं, "काका, सीसीटीव्ही आहेत ना, ट्रस्टींच्या मोबाईलवर लाइव्ह दिसतं." दुसरीकडे वॉचमन आहे म्हणाले, माजी सैनिक आहे, काळजी नाही. तिसरीकडे "रेक्टर आहेत की!" असं ठसक्यात उत्तर आलं. भेटायला मागितलं तर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. पोलीस भरतीची तयारी करतोय. पगार नाही, त्याऐवजी राहणं आणि मेस फुकट. पोरगा चांगला होता, मला पाणी आणून दिलं. पण पहाटे साडेचारला तो ग्राउंडवर पळायला जातो आणि रात्री नऊला दमून झोपतो, हे त्यानंच सांगितलं. त्याच्या ताब्यात नव्वद मुलं. चौथ्या ठिकाणचे साहेब हसले. "रात्री मुलं झोपतात, काका."

पाचव्या ठिकाणी ऑफिसात कुणी नव्हतं म्हणून मी मागच्या बाजूनं स्वयंपाकघराकडे गेलो. एक मावशी ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी असते." धाकट्या पोरांच्या खोलीला लागून कोठी आहे, तिथं त्या पथारी टाकतात. पाचवीतलं एक पोरगं अजून अंथरूण ओलं करतं. इतर पोरं उठायच्या आत त्याची चादर बदलावी लागते, नाहीतर दिवसभर त्याला चिडवतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. संस्थेच्या कागदावर त्या स्वयंपाकीण आहेत, आणि सुट्टीत त्यांचं मानधन बंद असतं.

पाच शाळांत मला माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढं एकच मिळालं. त्यावरून हे पत्र लिहितोय. माझं मागणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांची सोय होईल. वसतिगृहात रात्री राहणारा शिक्षक असू द्या. त्याला पूर्ण पगार द्या, राहायला नीट घर द्या, आणि त्याची निवड तुम्ही मुख्याध्यापकाची करता त्याहून जास्त काळजीनं करा. कारण मुलं त्याच्यासारखी होतात. चांगला असला तरी होतात आणि वाईट असला तरी होतात. दोन्ही मी भोगलंय.

मी १९७७ ते १९८३ अशी सहा वर्षं सोलापुरातल्या एका बोर्डिंगात काढली. मंगळवेढ्याकडचं गाव, वडील दुसऱ्याच्या शेतात सालानं. गावात शाळा चौथीपर्यंत. त्या काळी या शहरात गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि आमचं बोर्डिंग भोंग्यावर उठायचं. जुनी दगडी इमारत, मागं पत्र्याची शेड, साठ मुलं. घरात कुणी कन्नड बोलायचं, कुणी तेलुगू, दोघं-तिघं लमाण तांड्यावरचे. गृहपती सर आम्हाला दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळनंतर बोर्डिंगातच असायचे. शेडच्या टोकाला दोन खोल्या, तिथं ते, काकू आणि त्यांची मुलगी. सर मराठीच, पण "जेवलास का?" एवढं त्यांनी तिन्ही भाषांत शिकून घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात अक्कलकोटकडचा एक मुलगा कोपऱ्यात तोंड करून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. सर जवळ बसले आणि म्हणाले, "ऊट आयता?" पोरगं एकदम रडायलाच लागलं. मग जेवलं.

संस्कार या शब्दाची मला जरा धास्तीच आहे. आमच्या बोर्डिंगातही सकाळी प्रार्थना होती, भिंतीवर सुविचार होता, शनिवारी मारुतीला नारळ होता. त्यातलं काय आत उतरलं ते मला सांगता येणार नाही. उतरलं ते वेगळंच.

पाण्याचं घ्या. सोलापूरकराला पाण्याचं सांगायला नको, आजही आपण नळाची वाट किती दिवस बघतो ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा बोर्डिंगच्या नळाला पाणी रात्री-अपरात्री यायचं. हौद भरायला पाळीनं सहा मुलं उठायची. त्या सहांत सातवे सर. बंडी घालून, हातात रबरी नळी, झोपेनं डोळे चुरचुरतायत तरी काहीतरी गमतीचं बोलत. हौद भरला की बादल्या. सगळ्यांच्या बादल्या भरून झाल्या की शेवटी सरांच्या घरची. बऱ्याचदा तोवर पाणी जायचं. मग काकू सकाळी बादली घेऊन रस्त्यापलीकडच्या आडावर जाताना आम्हाला दिसायच्या. याबद्दल सर कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर आम्ही त्याचं भाषण समजून विसरलो असतो.

आणि फळा. हे मला जरा सविस्तर सांगायचंय.

मेसचा हिशोब सर फळ्यावर लिहायचे. जेवणाच्या शेडमध्ये एक तुटका फळा होता, कोपरा गेलेला. त्यावर महिनाभराचं सगळं: ज्वारी इतके किलो, तूरडाळ, गोडेतेल, रॉकेल, मिरची-मीठ, दळणाचे पैसे. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. आठवी ते दहावीतल्या मुलांपैकी दोघं 'मेस सेक्रेटरी' असायचे, ते बाजारातून आले की पावती सरांकडे आणि आकडा फळ्यावर. साठ पोरं रोज भाकरी मोडता मोडता तो फळा वाचायची. डाळ पातळ झाली तर का झाली ते फळ्यावर दिसायचं, त्यामुळं कुरकुर कमी असायची. कुरकुर करायची तर आकडा दाखवून.

१९७९च्या दिवाळीनंतर एका महिनाअखेरीला हिशोब चौदा रुपयांनी जुळेना. तेव्हा चौदा रुपये म्हणजे गंमत नव्हती. सेक्रेटरी दोघं रडकुंडीला आले. आम्ही बाकीचे त्यांच्याकडे चोर म्हणून बघायला लागलो. त्यात मजाही वाटत होती, खोटं का बोला. दोन रात्री सर पावत्या पसरून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर उजवीकडे, ठळक अक्षरात, एक ओळ वाढलेली होती:

'गृहपतीची चूक – रु. १४.'

दळणाचे पैसे त्यांनी स्वतः दिले होते आणि मांडायचे विसरले होते. ओळ खाली बारीक अक्षरात मावली असती. ती डाळ-तांदळाच्या रांगेत लिहिली होती. महिनाभर तिथंच होती. आम्ही रोज तिच्यासमोर जेवलो. पाहुणे आले, संस्थेचे सचिव येऊन गेले, ओळ पुसली गेली नाही. सचिवांनी काहीतरी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "महिना संपला की फळा पुसतो आम्ही, आधी नाही."

मी पुढं बँकेत लागलो आणि बरीच वर्षं रोखपालाच्या खुर्चीत बसलो. पहिल्याच महिन्यात संध्याकाळी रोकड पाचशेनं कमी आली. शेजारचा शहाणा सहकारी कानात म्हणाला, उद्यापर्यंत काही बोलू नकोस, कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या पेन्शनीत बसवू. मला घाम फुटला होता, पगार एवढासा. तोंडातून निघालं, "माझी चूक आहे, लिहा." धैर्य वगैरे काही नव्हतं. चूक झाली की ती लिहितात, एवढंच मला माहीत होतं. सातवीत बघितलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, हा म्हातारा गुरुजींची आरती ओवाळायला बसला. तसं नाही. सरांकडे छडी होती. मला दोनदा मार बसला, आणि कशासाठी ते आज आठवत नाही. हात सुजला तेवढा आठवतो. म्हणजे त्या मारानं काय शिकवलं ते बघा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं मुलांना मारायला आणि मानसिक छळायला बंदी केली ते फार बरं झालं. 'आमच्या वेळी मारायचे म्हणून आम्ही घडलो' असं स्नेहमेळाव्यात सांगणाऱ्या माझ्या वर्गमित्रांशी मी दर वर्षी भांडतो.

घडलो ते कशानं, त्याचा एक प्रसंग माझ्याच लबाडीचा आहे. सहावीत होतो. संक्रांत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस. माझ्या शेजारच्या वळकटीचा मुलगा सोलापुरातलाच, पूर्व भागातला, तेलुगू. वडील भिवंडीला मागावर गेलेले, परत येईनात; आई विड्या वळायची; एका खोलीत चार भावंडं, म्हणून हा तीन किलोमीटरवर घर असून बोर्डिंगात. संक्रांतीला त्याच्या आईनं डबाभर सकिनालू पाठवले होते. तांदळाच्या पिठाच्या, तीळ-ओवा घातलेल्या कुरकुरीत कड्या. त्यानं एक-एक करून पुरवायचं ठरवून डबा पेटीत कुलूपबंद ठेवला. मी खिळ्यानं कुलूप उघडलं आणि तीन रात्रींत डबा संपवला. चौथ्या दिवशी आरडाओरडा झाला. सरांनी सगळ्यांची अंथरुणं झटकायला लावली, ती दर आठवड्याला झटकायचोच. माझ्या सतरंजीतून तीळ पडले. सरांनी बघितलं, मी सरांनी बघताना बघितलं. ते काही बोलले नाहीत.

रविवारी म्हणाले, "चल, जरा पूर्व भागात जाऊन येऊ." मला वाटलं पोलिसात नेतायत. गेलो त्या मुलाच्या घरी. उंबऱ्यात सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात टेंभुर्णीची पानं. बाई आमच्याशी बोलत होत्या आणि बोटं वेगळीच चालली होती: पान, चिमूट, वळ, मुडप, दोरा. विडीची मजुरी हजारावर असते आणि कारखान्यात छाट निघाली की तेवढ्या विड्या फुकट गेल्या, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी मला बंडलं मोजायला बसवलं, पंचवीस विड्यांचं एक बंडल. स्वतः चहा घेत बसले. निघताना बाईंनी, आपल्या मुलाचा दोस्त म्हणून, कागदात चार सकिनालू बांधून माझ्या हातात दिले. "तिन्नावा?" म्हणून विचारलं. खाल्लेस का?

रस्त्यात सरांनी विचारलं, "किती बंडलं झाली?"
"चाळीस."
"म्हणजे विड्या किती?"
"हजार."
"हं," म्हणाले. बास. पुढं थेट बोर्डिंग येईपर्यंत क्रिकेटवर बोलत होते.

रात्री मी त्या मुलाला सांगून टाकलं. त्यानं मला अशी एक ठेवून दिली की कान वाजत राहिला, आणि होळीपर्यंत बोलला नाही. सरांना हे माहीत होतं. त्यांनी मिटवामिटवी केली नाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, त्या मुलाला रागवायचा हक्क होता आणि सरांनी तो त्याच्याकडून काढून घेतला नाही.

सीसीटीव्हीत मी खिळ्यानं पेटी उघडताना दिसलो असतो. घरी पत्र गेलं असतं, नाव कटलं असतं. प्रकरण संपलं असतं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर पत्र खोटं होईल.

१९८१ साली संस्थेनं सरांना तालुक्याच्या शाखेत पाठवलं. नवे गृहपती आले. ते वाईट शिकवत नव्हते, इंग्रजी तर उत्तम. संध्याकाळी मात्र ते घरी जायचे, आणि बोर्डिंग दहावीतल्या चार मुलांच्या ताब्यात द्यायचे. या चौघांना छडी दिलेली होती. धाकट्यांनी त्यांचे कपडे धुवायचे, हौद भरायचा, रविवारी गृहपतींच्या घराचं बांधकाम चाललं होतं तिथं विटा वाहायच्या. फळा पहिल्या महिन्यातच निघाला. आहाराचा हिशोब मुलांना कशाला, असं कारण होतं.

आणि हजेरी. बोर्डिंगला अनुदान मुलांच्या डोक्यावर मिळायचं. पटावर साठ, असायचो चाळीस-पंचेचाळीस. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या दिवशी शाळेतली गावातली पोरं बिछाने घेऊन यायची, त्यांना गोड जेवण असायचं. आणि हजेरी घेताना आमच्यापैकी काहींना दोन-दोन नावं नेमून दिलेली असायची. मी माझ्या नावाला 'हजर' म्हणायचो, आणि शाळा सोडून गेलेल्या एका मुलाच्या नावालाही, थोडा आवाज बदलून. मला ते इतकं छान जमायचं की गृहपतींनी एकदा पाठ थोपटली. त्या मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही, पण मला ते अजून पाठ आहे, आडनावासकट.

दोन वर्षांत आम्ही पक्के लबाड झालो. कुणी आम्हाला 'खोटं बोला' असा धडा शिकवला नव्हता. आम्ही एका मोठ्या माणसाला रोज बघत होतो, एवढंच.

बँकेत माझी पाचशेची गोष्ट वर सांगितली. तिच्यानंतर तीन-चार वर्षांनी एक सहकारी उशिरा यायचा म्हणून त्याची मस्टरवर सही मी करायचो. वर्षभर केली. मनाला जराही टोचलं नाही. एक दिवस नवीन मॅनेजर बाईंनी विचारलं, ही सही कुणाची? आणि मी ज्या सहजतेनं "त्यांचीच" म्हणालो, त्यात मला तो जुना, थोडा बदललेला आवाज ऐकू आला. म्हणजे माझ्यात दोन्ही गृहपती बसलेले आहेत. एकानं दुसऱ्याला हाकललेलं नाही. म्हणून म्हणतो, ही जागा कुणालाही देऊ नका.

हे मी नवीन काही सांगत नाही. बोर्डिंग हा महाराष्ट्राचाच शोध म्हणावा इतका आपला त्याच्याशी जुना संबंध आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं जानेवारी १९२५ मध्ये वसतिगृह सुरू केलं ते आपल्या सोलापुरात. या लोकांनी बोर्डिंगांवर एवढा भर दिला, कारण त्यांना अडचण माहीत होती. शाळा शहरात होत्या, पण या पोरांना शहरात खोली कोण देणार? राहायचं मिटलं की शिकायचं मिटतं.

आणि कर्मवीर. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना ते बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. शिस्त मोडली म्हणून घालवलेला हा मुलगा. त्यानंच १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं, ज्याला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तेव्हा 'आमच्याकडे शिस्त कडक आहे' असं मला कुणी अभिमानानं सांगितलं की मी जरा बिचकतो.

२२ सप्टेंबरला तुम्ही सगळे कर्मवीर जयंती करता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, ही गोष्ट भाषणात येतेच येते, आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचा हल्ली त्रास होतो. याचं कारण सरांची मुलगी.

सर गेले तेव्हा आम्ही जुने बोर्डर जमलो, शोकसभा घेतली. पाण्याची गोष्ट मीच सांगितली, लोकांचे डोळे पाणावले. मग त्यांची मुलगी बोलायला उठली. आता तीही शिक्षिका आहे. ती म्हणाली, "ते पाणी मला आठवतं. तुमचे हौद भरायचे तेव्हा आमच्या घरी आई आणि मीच असायचो. माझ्या आजारपणात बाबा किती वेळा उशाशी होते हे मला बोटांवर मोजता येईल. तुम्हाला साठ जणांना मिळाले ते आमच्या वाट्यातले होते." कुणालाच काय बोलावं कळेना. अध्यक्षांनी घाईनं श्रद्धांजली उरकली.

तेव्हा मंडळी, मी तुमच्याकडे त्यागी माणूस मागत नाही. त्यागावर चालणारी व्यवस्था दोन पिढ्या चालली आणि तिचं बिल काकूंनी आणि त्या मुलीनं भरलं. मला नोकरी मागायची आहे, नीट नोकरी. एका गृहपतीकडे नव्वद मुलं म्हणजे त्याच्याकडे एकही नाही. चाळीस-पन्नासांच्या वर देऊ नका. त्याला आठवड्याची सुट्टी हवी, म्हणजे बदली माणूस हवा. त्याच्या घराला स्वतंत्र नळ हवा, हे मी मुद्दाम लिहितोय. मुलींच्या वसतिगृहात बाईच हव्यात, आणि त्यांचं घर आवारात हवं. दिवसाच्या वर्गाचे तास कमी करून रात्रीची जबाबदारी मोजा, 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून वर ठेवू नका. ज्याला तुम्ही सगळ्यात नवा, सगळ्यात गरजू, नाही म्हणू न शकणारा म्हणून तिथं बसवता, त्याच्याकडून मुलं काय शिकतील? नाही म्हणायचं नसतं, हेच.

खर्च कोण देणार, असं तुम्ही म्हणाल. अनुदानित वसतिगृहांतले अधीक्षक आणि स्वयंपाकी वर्षानुवर्षं मानधनावर आहेत आणि वेतनश्रेणीसाठी मोर्चे काढतायत, हे मला माहीत आहे. तिथं सरकारशी भांडा, मी तुमच्या मागं उभा राहतो. पण ज्या संस्था वर्षाला लाखाच्या वर फी घेतात त्यांनी मला हे सांगू नये. घोड्याचा खर्च निघतो तर माणसाचाही निघेल.

निवड करताना त्याची पदवी बघाच, पोलीस पडताळणीही कराच. मुलांजवळ चोवीस तास राहणाऱ्या माणसाबाबत ती टाळणं गुन्ह्यासारखंच आहे. मोठ्या मुलांच्या हातात छडी आणि सत्ता देऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर ऑफिसात लावू नका, मुलांच्या खोलीत लावा, आणि त्यांना एकट्यानं फोन करता येईल अशी सोय ठेवा. पालकाला महिन्यातून एकदा ठरलेल्या रविवारी नव्हे, कधीही येऊ द्या. आणि मेसचा हिशोब फळ्यावर लिहा. यासाठी तर एक खडू लागतो. माझ्या माहितीत एकाही शाळेत तो लिहीत नाहीत. कोण लिहीत असेल तर कळवा, मी स्वतः बघायला येईन, आनंदानं.

त्या स्वयंपाकीण मावशींचंही बघा. कुठली संस्था ते मी लिहिलेलं नाही, कारण उद्या 'तुम्ही बाहेरच्या माणसाशी का बोललात' म्हणून त्यांनाच विचारतील. पण तुमच्यापैकी प्रत्येकानं आपल्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन विचारावं.

आमच्या पोराचा प्रवेश अजून झालेला नाही. भाची रोज फोन करते, मामा, ठरव एकदाचं. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतील. त्याआधी, आणि सुरू झाल्यावरही, मी पुन्हा एक फेरी मारणार आहे. या वेळी दिवसा नाही. रात्री साडेनऊला येईन, स्कूटर फाटकाबाहेर लावीन आणि कडी वाजवीन. फोन करून येणार नाही. दार उघडायला कोण येतं, त्याला आतल्या मुलांची नावं येतात का आणि आज कोण जेवलं नाही हे ठाऊक आहे का, एवढंच विचारून परत जाईन.

आपला,
एक जुना बोर्डर
(शेडमधली डावीकडून सातवी वळकटी, १९७७–८३)
सोलापूर